पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर बसवणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, चार्जरची वायर ओढण्यापूर्वी समितीकडे लेखी अर्ज द्यावा. सोबत पार्किंग क्रमांक, चार्जरची क्षमता आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनने काढलेला वायरिंगचा नकाशा जोडावा.

7.4 किलोवॅटचा चार्जर सलग काही तास 32 अँपिअर खेचतो. गीझर अर्ध्या तासात बंद होतो, चार्जर रात्रभर चालतो. म्हणून नेहमीचे वायरिंग इथे चालत नाही. मीटरपासून स्वतंत्र लाइन, 6 चौ. मिमी तांब्याची केबल (अंतर 30 मीटरहून जास्त असल्यास 10 चौ. मिमी), 40 अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) हवा. आरसीसीबी ‘टाइप ए’ किंवा ‘टाइप बी’ यांपैकी कोणता, हे चार्जरच्या माहितीपत्रकात पाहावे. दुकानदार स्वस्तातला ‘टाइप एसी’ देतात, तो घेऊ नये. डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) गळती झाली तर तो ट्रिपच होत नाही, म्हणजे वीज तोडत नाही.

अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थिंग नीट नसेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत आणि दोष उगाच गाडीवर जातो.

16 अँपिअरच्या सॉकेटवरही रात्रीत साधारण 25 युनिट भरतात. रोजच्या ये-जा करण्यासाठी बहुतेकांना तेवढे पुरते. मात्र स्क्रू सैल असेल तर सॉकेट वितळतो. एक्स्टेंशन बोर्ड कोणीही, एका रात्रीसाठीसुद्धा, वापरू नये.

दहा मोठे चार्जर एकदम लागले तर 74 किलोवॅट भार येईल. त्यामुळे आधी मंजूर भार (वीज कंपनीने ठरवून दिलेली वापराची मर्यादा) वाढवावा लागेल, म्हणून वर्षभरात गाडी घेणाऱ्यांनीही आत्ताच नाव द्यावे.

– व्यवस्थापक समिती