डावीकडची खिडकी

मास्तर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. छातीवरचा बिल्ला रोज समोर असायचा, पण त्यावरचा नंबर वाचायचं कधी सुचलं नाही. डेपोच्या पत्त्यावर तरी कुणाच्या नावानं पाठवणार? म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. तुमच्या ओळखीच्या कुणी वाचलं तर त्यांनी तुम्हाला दाखवावं. कोथरूड डेपोवरून पूलगेटकडे जाणाऱ्या सकाळच्या बसचे कंडक्टर, पांढऱ्या मिशा, पहाडी आवाज, आणि सिग्नलला गाडी थांबली की सीटच्या दांड्यावर आपसूक ठेका धरणारी बोटं. एवढ्या खुणा पुरेत.

तुम्हाला मी आठवले तर ‘ती प्लॅस्टरवाली’ म्हणून आठवेन. पावसात स्कूटर घसरली, उजवं मनगट मोडलं आणि पुण्यातल्या कुठल्याही बाईला बसेल तसा मला धक्का बसला: आता ऑफिसला जायचं कसं? लग्नाआधी लुना, मग स्कूटर. कॉलेज संपल्यापासून मी बसमध्ये चढलेच नव्हते. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एक होऊन २००७ साली पीएमपीएमएल झाली, हेही मला पेपरात वाचून माहीत. आमच्या सासूबाई तर अजून ‘पीएमटीनं जा की’ असंच म्हणतात. तर गेले. गळ्यात अडकवलेला हात, दुसऱ्या खांद्यावर पर्स, डबा, छत्री, आणि पर्सची चेन उघडायला तिसरा हात नाही.

तुम्ही ‘हात कसा मोडला?’ असं विचारलं नाहीत. ते सोसायटीनं विचारून झालं होतं आणि ऑफिस विचारणार होतं. तुम्ही फक्त माझ्याकडे एकदा पाहिलंत, मग डाव्या बाजूच्या महिलांच्या सीटवर कानात बोंडं घालून बसलेल्या एका मुलाच्या खांद्यावर टिचकी मारलीत. तो उठला. मी बसले. पैशांसाठी चाचपडायला लागले तर म्हणालात, “असू द्या. आधी टेका. उतरताना द्या.” आणि मी नीट बसल्याचं बघून मगच डबल बेल दिलीत.

एवढंच. तुमच्या लेखी याला मदत म्हणतही नसतील. पण मास्तर, त्या महिन्यात ‘सावकाश’ या अर्थाचं काहीही मला दुसरं कुणी म्हणालेलं नव्हतं. डॉक्टरसुद्धा घाईत होते.

दुसरी गोष्ट तुम्ही सांगितलीत ती मी आता सगळ्यांना फुकट वाटते. एकदा उजवीकडची खिडकी रिकामी होती आणि मी तिकडे वळले, तर तुम्ही मागून, “ताई, डावीकडंच बसा. कर्वे रोडला जाताना पण सावली, येताना पण सावली.” मी त्यावर बराच विचार केला. सकाळी गाडीचं तोंड ईशान्येला, सूर्य उजव्या अंगाला. संध्याकाळी तोंड नैर्ऋत्येला, आणि मावळतीचा सूर्य पुन्हा उजव्याच अंगाला. म्हणजे डावी बाजू दोन्ही वेळा थंड. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं ये-जा करून सूर्य कुठल्या बाजूला असतो हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी गॉगल, त्यावर डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला स्कार्फ आणि कोपरापर्यंतचे हातमोजे या पुणेरी चिलखतात असायचे. स्कूटरवर दिसतो तो रस्ता, आणि रस्त्यातलं सुद्धा फक्त पुढच्याचं मागचं चाक. वर बघायची सोय नाही. वर बघितलं की काय होतं ते माझं मनगट सांगेल.

बसच्या खिडकीतून मला पहिला मजला दिसला. मला वाटतं, पुणं पहिल्या मजल्यावरच राहतं. खाली सगळी दुकानं, काचा, फलक, पार्किंगवरून वाद. संध्याकाळी परतीची गाडी लक्ष्मी रोडला लागली की सोन्या मारुती चौकापासून अलका चौकापर्यंत मी मान वर करून बसते. साडीच्या झगझगीत दुकानाच्या डोक्यावर लाकडी कठड्याचा सज्जा, सज्जात डालड्याच्या जुन्या डब्यात तुळस. खिडकीला मशीन लावून बसलेला शिंपी, जो बस थांबली की मान वर करतो आणि आपण त्याच्या खोलीत बघतोय म्हणून नाराज होत नाही. दांडीवर वाळत घातलेलं नऊवारी, तेही खाली पैठणीचा सेल चालू असताना. एका घराच्या भिंतीवर हार घातलेला फोटो आहे आणि त्याच्या शेजारी ‘आज पाणी दुपारी येईल’ असं खडूनं लिहिलेली पाटी. खालून चालत गेलं तर यातलं काही दिसत नाही, गाडीवरून गेलं तर अजिबातच नाही. बरोबर बसच्या उंचीवरूनच दिसतं, आणि ट्रॅफिक तुंबलेलं असलं तरच नीट दिसतं. लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकबद्दल मी तक्रार करणं म्हणूनच सोडलं आहे. बाकीच्यांनी करावी, हक्क आहे.

आणि तो तबला! कुंटे चौकाच्या अलीकडे गाडी हमखास अडकते, तिथे वरच्या मजल्यावर क्लास आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी नवशिकं पोर ‘धा धिं धिं धा’ असं जिन्याची एकेक पायरी मोजत उतरल्यासारखं वाजवत होतं. मी रोज ऐकायचे. तुम्हीही ऐकत होतात हे मला कळलं ते पावसाळा संपता संपता, जेव्हा तुम्ही दांड्यावरची बोटं थांबवून, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणालात, “दुगुण लागली पोराला.” म्हणजे तोच ठेका आता दुप्पट लयीत. मी हसले, तुम्ही हसलात. मग तुम्ही सांगितलंत की गावाकडे भजनात पखवाज वाजवता, आणि पालख्या पुण्यात मुक्कामी येतात तेव्हा रजा टाकून दिंडीत चालता. लक्ष्मी रोड त्या दिवशी बसला बंद असतो. रोज ज्या रस्त्यावर ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणून ओरडायचं, त्याच रस्त्यावर पखवाज गळ्यात घालून चालायचं. “आणि त्या दिवशी पण पुढंच सरकायचं असतं,” असं तुम्हीच म्हणालात. तेवढ्यात मागून कुणीतरी “ओ मास्तर, एक डेक्कन!” असं ओरडलं आणि विषय तिथेच राहिला. दिंडीत कुठल्या जागी चालता, ते विचारायचं राहून गेलं.

लकडी पुलाबद्दलही सांगायला हवं. दुचाकीवाल्यांना तो पूल दिवसा कितीतरी वर्षं बंदच होता. आम्ही नदी ओलांडणार ती झेड ब्रिजवरून, नाहीतर भिडे पुलावरून, आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली. त्यामुळे पुण्यात जन्मून लकडी पुलाची मला फार ओळख नव्हती. आता रोज दोनदा भेट होते. जलपर्णी, बगळे, नदीपात्रात लावलेल्या गाड्या, आणि डोक्यावरून मेट्रोचा मार्ग. २०२१ साली मंडळांनी विसर्जनाच्या रथांची उंची पुढे करून त्या मार्गाच्या उंचीवर हरकत घेतली होती, त्यावर तुमचं आणि ड्रायव्हरसाहेबांचं जे बोलणं व्हायचं ते मी इथे लिहीत नाही. पण डेक्कनच्या मेट्रो स्टेशनचं छप्पर मावळ्याच्या पगडीसारखं केलं आहे, हे मला तुम्हीच दाखवलंत. “खालनं जाणाऱ्याला दिसत नाही, जरा लांबनं बघावं लागतं,” म्हणालात. खरंच लांबनं दिसतं.

मेट्रोनंही मी जाते, खोटं कशाला बोलू. वनाझला चढलं की थंडगार, ना धक्का ना धूर, आणि २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून कुठल्या कुठे जाता येतं. उशीर झाला की मेट्रोच. पण तिथे मला कुणाचे आभार मानायचे असतील तर ते रेकॉर्ड केलेल्या बाईंचे मानावे लागतील. त्या फार छान बोलतात, मात्र पाचशेची नोट घेऊन चढलेल्या आजोबांचं काय करायचं हे त्यांना सांगता येणार नाही.

तुम्हाला येतं. तो प्रसंग मी घरी इतक्यांदा सांगितलाय की आमच्या मुलीला पाठ आहे. किमान तिकीट पाचाचं दहा झालं, तेव्हाचे दिवस. आधीच जो तो वैतागलेला, त्यात सकाळची पहिली खेप, आणि आजोबांनी दहाच्या तिकिटासाठी पाचशेची नोट काढली. मागचे दोघे लगेच, “क्यूआर कोड करा ना आजोबा!” आजोबांचा फोन बटणांचा. मला वाटलं, आता भांडण. तुम्ही नोट उजेडाकडे धरलीत, नीट न्याहाळलीत आणि परत त्यांच्या खिशात ठेवलीत. “एवढी मोठी नोट लग्नात पाहिली होती, त्यानंतर आजच. बसा आजोबा. शनिपारापर्यंत कुणीतरी देवमाणूस सुट्टे घेऊन चढेल.” अख्खी बस हसली. आणि अलका चौकात एक भाजीवाल्या मावशी चढल्या, कमरेला सुट्ट्यांची पिशवी. तुम्ही आजोबांकडे वळून नुसत्या भुवया उडवल्यात.

याला काय म्हणायचं? नोकरीच्या नियमात हे कुठे लिहिलेलं नसणार. तिकिटांच्या हिशोबाच्या वेबिलात त्याचा रकानाही नसणार.

आणि तो पाऊस. ऑफिस सुटायच्या वेळी सुरू झालेला, कर्वे रोडचा ओढा झालेला. नळ स्टॉपचा दुमजली पूल बांधला तरी त्याच्या खालचं पाणी कुठे जाणार? गाडी जागची हलेना. पुरुष मंडळी उतरून चालायला लागली. आम्ही चार-पाच बायका मागे उरलो, त्यात मी एका हाताची, आणि छत्री सकाळी ऊन बघून घरी ठेवलेली. तुम्ही आमच्यावर ‘उतरा’ म्हणून ओरडला नाहीत. डेपोला फोन लावलात, ड्रायव्हरसाहेबांनी दिवे चालू ठेवले, आणि कुणाकडे तरी शेंगदाण्याची पुडी निघाली. ती संध्याकाळ वाईट होती असं मला म्हणता येत नाही. नंतर माझ्या स्टॉपला उतरताना तुम्ही तुमची काळी छत्री माझ्या डाव्या हातात दिलीत. मी नको नको म्हणते आहे आणि तुम्ही, “माझी ड्यूटी गाडीत आहे ताई, मला कुठं भिजायचंय.” खोटं होतं ते. डेपोपासून घरी तुम्हालाही जायचंच होतं.

छत्री परत करायला दुसऱ्या दिवशी आणली, तर तुम्ही गाडीवर नव्हतात. त्यानंतरही नाही. नवे कंडक्टर म्हणाले, “ते हडपसरच्या बाजूला गेले, बदली झाली.” दुसरे म्हणाले, “रिटायर होणार होते ना?” दोघांनाही नक्की माहीत नव्हतं. नवे चांगले आहेत, तरुण आहेत, मशीनवर तिकीट भराभर काढतात. तबल्याकडे त्यांचं लक्ष नाही, पण ते त्यांच्या कामाचा भाग नाही.

माझा हात आता ठीक आहे. पावसाळी हवेत दुखतो, पण पोळ्या लाटते. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली त्याला बरेच दिवस झाले. स्कूटर मुलीला दिली आणि मी मासिक पास काढला. ऑफिसातल्या बायकांना हे विचित्र वाटतं. एकीनं विचारलं, “अगं, बसमध्ये एवढा वेळ जातो, त्याचं काय करतेस?” मी म्हटलं, बघते. तिला ते पटलं नाही, आणि मी पहिल्या मजल्याचं सांगत बसले असते तर अजूनच पटलं नसतं.

त्या पोराचं सांगायचं राहिलं. आता तिथे कायदा, म्हणजे तबल्यातली पुढची बांधलेली रचना, वाजतो. मधेच अडखळतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून घेतो, पण हात स्वच्छ आहे. तुम्ही असतात तर त्यावर काहीतरी बोलला असतात, आणि ते मला ऐकायचं होतं. जिथे असाल तिथे तुमचेही हात चालू असोत. आणि पालख्यांच्या दिवशी लक्ष्मी रोडवर चालत असाल तर एकदा मान वर करून बघा. मी कुठल्यातरी सज्जात ओळख काढून उभी असेन. शिंप्याशी बोलणं चालू आहे.

मनापासून आभार, मास्तर.

तुमची,
प्लॅस्टरवाली ताई

ता. क. तुमची छत्री कोथरूड डेपोच्या कंट्रोलर साहेबांकडे ठेवली आहे. मूठ ढिली होती ती बदलून घेतली. दुकानदाराकडे काळी मूठ शिल्लक नव्हती, त्यामुळे लाकडी बसवली आहे. आपली नाही म्हणून परत करू नका.