‘नॅचरल एसपीएफ ५०’ सन ऑइल : रिफंड आणि टेस्ट रिपोर्ट हवाय

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : सनस्क्रीन म्हणून विकलेल्या तेलाने मुलाची कातडी भाजली त्याबद्दल

नमस्कार,

तुमच्या वेबसाइटवरून ‘केमिकल-फ्री सन ऑइल, नॅचरल एसपीएफ ५०’ (एसपीएफ म्हणजे उन्हाने कातडी लाल होण्यापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा) ही बाटली ८४९ रुपयांना मागवली, माझ्या मुलासाठी, तो ठाण्यात क्रिकेटच्या समर कॅम्पला जातो. निघताना तुम्ही सांगितलंय तसं तेल लावून गेला आणि दुपारी घरी आला तेव्हा कान आणि मानेची मागची बाजू लालबुंद, हात लावू देईना, कॉलर घासली तरी कळवळत होता. टोपीखालचं कपाळ मात्र जसंच्या तसं, म्हणजे तुमच्या ८४९ च्या तेलापेक्षा कॅम्पवाल्यांची फुकटची टोपी भारी. नंतर कानांची सालं निघाली. शिवाय पांढऱ्या ड्रेसच्या कॉलरला पिवळे डाग पडलेत ते वेगळेच, पण ते जाऊ दे.

तुमच्या कस्टमर केअरला फोटो पाठवले तर उत्तर काय, तर ‘मॅम, स्किन टॉक्सिन्स बाहेर टाकतेय, वापरत राहा’. अहो, पोरगं उन्हात भाजलंय, टॉक्सिन्स कसले! आणि वर पुढच्या ऑर्डरसाठी २० टक्क्यांचं कूपन.

मग मी बाटलीवरचं बारीक अक्षरातलं वाचलं. खोबरेल तेल, गाजराच्या बियांचं तेल, रासबेरीच्या बियांचं तेल, कोरफडीचा अर्क. झिंक ऑक्साइड नाही, टायटॅनियम डायऑक्साइड नाही, ऊन अडवणारं दुसरं कुठलंच फिल्टर नाही. मग ५० आकडा आला कुठून? रायपूरच्या संशोधकांनी २०१० साली खोबरेल आणि ऑलिव्ह तेलाचा एसपीएफ काढला होता तो ७-८ च्या आसपास, आणि तोसुद्धा तेल अल्कोहोलमध्ये मिसळून मशीनवर, माणसाच्या अंगावर नाही. रासबेरीचं म्हणाल तर त्याचा एसपीएफ जास्त असतो म्हणणारे सगळे २००० सालच्या कॅनडातल्या एका पेपरचा आधार घेतात, त्यात तेलातून यूव्ही (उन्हातले अतिनील) किरण किती आरपार जातात ते बघितलंय, तेल लावलेल्या माणसाला उन्हात किती वेळाने लाली येते ते नाही. पालकात लोह असतं म्हणून कोणी पालकाचा तवा करून विकत नाही ना?

त्यातही कमाल म्हणजे बाटलीवर लिहिलंय ‘चेहरा आणि मानेला फक्त ४ थेंब पुरे’. एसपीएफची टेस्ट करतात तेव्हा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलीग्राम एवढा थर लावतात, चेहरा आणि मान मिळून साधारण दोन बोटांवर क्रीमची लांब पट्टी काढली की होतं तेवढं. ४ थेंबात त्याचा पाव हिस्सा तरी होतो का? म्हणजे खरोखरचं ५० वालं क्रीम जरी त्या बाटलीत भरलं असतं तरी तुमच्या मापाने लावून ५० चं संरक्षण मिळालंच नसतं. यूव्हीए म्हणजे कातडीत खोलवर जाणारे यूव्ही किरण, त्यांच्यापासून किती संरक्षण ते सांगणारं पीए रेटिंग तर बाटलीवर कुठेच नाही. एप्रिल-मेच्या भर दुपारी आपल्याकडे यूव्ही इंडेक्स (ह्या किरणांच्या तीव्रतेचा आकडा) ११ च्या वर, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीला जातो, त्यात पोरं मैदानात फिल्डिंगला उभी असतात, ह्याचा विचार तुमच्याकडे कोणी केलाय की नाही?

मला नॅचरल गोष्टींचं वावडं नाही, आमच्याकडे डोक्याला आणि अंगाला खोबरेलच असतं. आणि झिंक ऑक्साइड तरी काय, खनिजच आहे, क्रिकेटवाले नाकावर पांढरं फासतात ते तेच, डॉक्टरांनी ह्या भाजण्यावर जे गुलाबी कॅलामाइन लोशन दिलं त्यातही मुख्य तेच. तुमच्या जाहिरातीत मात्र ‘चेहरा पांढरा पडत नाही’ म्हणून मिरवलंय. झिंकच नाही तर पडेल कसा!

तर आता मला हे हवंय. ८४९ रुपये परत आणि डॉक्टर-औषधाचा खर्च, बिलं जोडलीयेत. ह्याच बाटलीतल्या तेलाची माणसांवर केलेली एसपीएफ टेस्ट असेल तर तिचा रिपोर्ट, सुट्या तेलांच्या लिंका नकोत. रिपोर्ट नसेल तर बाटली आणि वेबसाइटवरून ५० आकडा काढा, मसाज ऑइल म्हणून विका, माझं काही म्हणणं नाही.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो, हे तुम्हाला माहीत असेलच. नाही झालं तर १९१५ वर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला तक्रार टाकणार आणि पुढे ठाण्याच्या ग्राहक आयोगात जाणार, दिशाभूल करणारी जाहिरात म्हणूनही लिहिणार.

बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली आहे, पिकअपला माणूस पाठवा, शनिवारी सकाळी घरी असते. आणि प्लीज परत कूपन पाठवू नका, पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात द्या.

एक ग्राहक,
ठाणे पश्चिम

सोबत : ऑर्डरचं बिल, बाटलीच्या लेबलचे फोटो, मुलाच्या मानेचे आणि कानांचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, कस्टमर केअरच्या चॅटचे स्क्रीनशॉट