तळहातावरचे पिल्लू

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

किनाऱ्यावर घरटी करणाऱ्या दुर्मीळ पक्ष्यांसाठी स्वयंसेवक हवेत, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. या विषयाला जागा दिलीत त्याबद्दल आभार. पण लेखावरचे छायाचित्र पाहून संताप आला. तळहातावर पिल्लू, पायाशी घरटे, त्यात दोन अंडी आणि भोवती वाकून बघणारी पाचसहा माणसे. खाली ओळ, ‘जपणारे हात’. या कामाची ओळख नसलेला वाचक आता किनाऱ्यावर जाऊन नेमके हेच करील.

माणसे घरट्यापाशी उभी असतात तेवढा वेळ आईबाप अंड्यांवर येत नाहीत. भर उन्हात पक्षी अंड्यांवर सावली धरतो, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतो आणि अंडी गार ठेवतो. तापल्या वाळूत उघडी पडलेली अंडी थोड्याच वेळात आतल्या आत मरतात. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे फोटो काढून गेलेल्याला आपण काय केले हे कळतही नाही. घरट्यापर्यंत जाऊन तिथूनच परतलेली पावले कोल्ह्याकुत्र्यांना वाट दाखवतात. म्हणूनच अगदी प्रशिक्षित माणूसही घरट्याजवळून जाताना थांबत नाही, सरळ पुढे निघून जातो. वासाचा माग घरट्याशी संपू नये यासाठी. माणसे कुठे घोळका करतात यावर कावळ्यांचीही नजर असते.

‘बेवारस अंडी दिसल्यास उचलून सुरक्षित जागी न्या’ हा लेखातला सल्ला तर फारच घातक आहे. चिखल्या (प्लोव्हर) या किनाऱ्यावरच्या लहान पक्ष्याची मादी साधारण दिवसाआड एक अंडे घालते आणि अंडी पुरी झाल्यावरच जोडी नेटाने उबवायला बसते. तोवर उन्हाची वेळ सोडून एकदोन अंडी बराच वेळ एकटी दिसतात. ती टाकून दिलेली नसतात. उधाणाचे पाणी चढेल अशा जागी घरटे असले तरी ते हलवण्याचा निर्णय परवानगी असलेल्या जाणकारांचा. स्वयंसेवकाने खबर द्यायची आणि मागे सरायचे.

आणखी एक. लेख सुरय (टर्न) या पक्ष्यांवर आहे आणि फोटोतले लांब पायांचे पिल्लू चिखल्याचे आहे. ही किरकोळ चूक नाही, कारण दोघांची राखण वेगळी. सुरयाचे पिल्लू वसाहतीच्या आसपास दबून राहते, आईबाप त्याला मासे आणून भरवतात. तिथे वसाहतीभोवतीचे कुंपण बरेच काम करते. चिखल्याचे पिल्लू जन्मल्यावर काही तासांतच घरटे सोडते आणि ओल्या वाळूवर स्वतः किडे टिपत हिंडते. म्हणजे अंड्यांतून पिल्ले बाहेर आली की कुंपण अपुरे पडते आणि माणसांची खरी गरज तेव्हा सुरू होते. पायपिंग प्लोव्हर या उत्तर अमेरिकी चिखल्याची पिल्ले उडू लागायला चारेक आठवडे घेतात. त्या काळात गाडीच्या चाकोरीत उतरलेल्या पिल्लाला बाहेर पडणे जड जाते, म्हणून चाकोऱ्या बुजवाव्या लागतात. मोकळे कुत्रे, पतंग आणि ड्रोन लांब ठेवावे लागतात. पक्ष्यांना पतंग शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. भरतीने टाकलेले शेवाळ कचरा समजून उचलू नये, पिल्लांचे किडे त्यातच असतात. यंत्राने किनारा झाडणे तर वीण संपेपर्यंत बंदच हवे.

कुंपण म्हणजे खांब, सुतळी आणि पाट्या, एवढेच. अमेरिकेत प्लोव्हरच्या घरट्याभोवती सर्व बाजूंनी ५० मीटर जागा सोडतात. जाळी बांधायची नाही, पिल्ले अडकतात. खांबाचा माथा सपाट ठेवायचा नाही, त्यावर कावळे नि शिकारी पक्षी टेहळणीला बसतात. घरट्यावर तारेचा पिंजरा ठेवा, असे लेखात सरसकट सुचवले आहे. पिंजऱ्याने अंडी वाचतात हे खरे. पण काही शिकारी पिंजरा ओळखायला शिकतात आणि आत-बाहेर करणारा मोठा पक्षीच मारला जातो. अंडी गेली तर जोडी पुन्हा घालू शकते, जोडीतला पक्षी गेला तर ती वीण तिथेच संपते. त्यामुळे पिंजरा कुठे ठेवायचा आणि कधी काढायचा हे जाणकारांनीच ठरवावे.

बाकी वेळ स्वयंसेवक सुतळीच्या बाहेर, दुर्बीण घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्यांशी शांतपणे बोलत असतो. याचा फोटो चांगला येत नसेल, पण काम हेच आहे. अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या किनाऱ्यांवर १९८०च्या दशकात पायपिंग प्लोव्हरच्या जेमतेम १७ जोड्या उरल्या होत्या; अलीकडे त्या ८०च्या घरात गेल्या. कायद्याचे संरक्षण होते, तज्ज्ञ होते आणि असे तासन् तास उभे राहणारे स्वयंसेवकही होते. न्यूझीलंडमधल्या फेअरी टर्न या सुरयाचे तर ५०हूनही कमी पक्षी उरलेत. तिथे एकेका अंड्याचा हिशेब ठेवावा लागतो.

कृपया वीण सुरू होण्याआधी दुरुस्ती छापा आणि तीही तेवढ्याच जागेत. संकेतस्थळावर त्या फोटोखाली किनाऱ्याचे नाव दिले आहे, ते मात्र आजच काढा.

आपला,
एक वाचक