जुबाला निघालेल्या लेकीस

सोलापूर

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत निरीक्षक म्हणून दक्षिण सुदानला, राजधानी जुबाला, जायचं तुझं नक्की झालं हे कळलं. निरीक्षक म्हणजे हातात शस्त्र नाही, हे ऐकल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही. मी म्हटलं, आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये युद्ध चालू असताना चीनला गेलेच ना? ती म्हणाली, "ते परत कुठे आले?" मी गप्प बसलो.

नातेवाईक डॉलरच्या भत्त्याचं विचारतात. तू तिकडे लक्ष देऊ नकोस. नंबियार साहेबांचं आठव. लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, एकाहत्तरच्या लढाईतले वीरचक्रवाले. मार्च १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातल्या शांतिसेनेचे ते पहिले सेनापती झाले. काम क्रोएशियातलं, मुख्यालय मात्र बोस्नियातल्या साराएव्होत. महिन्याभरात बोस्नियातच युद्ध पेटलं आणि मुख्यालय हलवावं लागलं. हाताखाली नाना देशांच्या तुकड्या, लढणाऱ्या सगळ्याच बाजूंचा संशय, आणि गोळी चालवायची ती फक्त स्वतःच्या बचावापुरती. तरी जूनअखेर साराएव्होचा विमानतळ मदतीच्या विमानांसाठी खुला झाला, तो दोन्ही बाजूंशी बोलणी करून. युद्ध काही थांबलं नाही. वर्ष संपल्यावर साहेबांनी मुदतवाढ नाकारली. मला ते त्या नकारासकट मोठे वाटतात. रणांगण गाजवलेल्या माणसाने वर्षभर हात आवरून उभं राहायचं, ही साधी गोष्ट नाही.

थिमय्या साहेब तर लष्करप्रमुख म्हणून निवृत्त झाल्यावर शांतिसेनेचे सेनापती म्हणून सायप्रसला गेले आणि डिसेंबर १९६५ मध्ये कामावर असतानाच तिथे वारले. आईला हे सांगू नकोस.

तुझं काम त्यांच्याएवढं मोठं नसेल, पण सेनापती ज्यावर निर्णय घेतो तो रिपोर्ट तुझ्यासारख्यांच्या हातचा असतो. गाव कुणी जाळलं, माणसं कुठे पळाली, पाणी कुठून आणतात, हे बघ आणि लिही. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानावर आलेलं यांची सरमिसळ करू नकोस. कुणी दबाव आणला तरी आकडा फिरवू नकोस. गस्तीवर असताना बायका पुरुष अधिकाऱ्यांशी बोलणार नाहीत, तुझ्याशी बोलतील; त्यांच्यापाशी घाई करू नकोस.

आईने शेंगाची चटणी केलीय. कडक भाकऱ्या मोडू नयेत म्हणून चादरीच्या घडीत बांधल्यात, बॅग फेकू नकोस. मलेरियाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. पोचल्यावर पहिला फोन आईला कर.

तुझा,
बाबा