ड्युटी फ्रीमधील स्कॉचबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : किंमतफलकावरील दिशाभूल करणारी तुलना आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मस्कतहून येताना विमानतळाच्या आगमन कक्षातील आपल्या दुकानातून मी एक एक लिटरच्या दोन स्कॉच घेतल्या. पावतीची प्रत जोडली आहे. थोरल्या भावाच्या साठीला द्यायच्या होत्या, म्हणून विक्रेत्याला मुद्दाम विचारले, "बाहेर मिळते तीच ना ही?" "तीच सर, फक्त टॅक्स नाही," असे तो म्हणाला. फलकावरही बाहेरच्या किमतीपेक्षा किती वाचतात ते ठळक छापले होते.

ती तीच नाही. सावंतवाडीच्या दुकानातून घेतलेली त्याच नावाची बाटली घरी होती. दोन्ही लेबले शेजारी ठेवून वाचली. सावंतवाडीच्या बाटलीवर 12 वर्षे, अल्कोहोल 42.8 टक्के, 750 मिली. आपल्या बाटलीवर वयाचा आकडाच नाही. त्या जागी एक भारदस्त नाव आणि सोनेरी नक्षी, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात 40 टक्के. स्कॉचवर वय छापलेले असेल तर ते आतल्या सर्वात कोवळ्या व्हिस्कीचे असते. छापलेले नसेल तर ती पिंपात किमान 3 वर्षे मुरली आहे, एवढीच कायद्याची हमी. वय न छापलेली स्कॉच वाईटच असते असे मी म्हणत नाही, चांगल्याही असतात. पण 12 वर्षांच्या बाटलीची किंमत दाखवून ही बाटली स्वस्त म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

चवीतला फरकही लपत नाही. भावाने आणि मी दोन्ही सारख्याच ग्लासांत, बर्फ न घालता, चमचाभर पाणी टाकून घेतल्या. आमचा भाग काजूचा. काजूच्या दारूंपैकी हुर्राक कुठली आणि फेणी कुठली हे इथे नुसत्या वासावर सांगतात. सावंतवाडीची जिभेवर रेंगाळते, मागाहून मनुकांसारखा गोडवा आणि किंचित धूर येतो. आपली आधी नाकात झणका देते, घशात जळजळते आणि लगेच पाणचट होते.

आपल्याला मेल केला तर "सील उघडलेला माल परत घेतला जात नाही" एवढे एका ओळीचे उत्तर आले. दुसरी बाटली अजून सीलबंद पिशवीतच आहे, तिच्याबद्दल त्यात चकार शब्द नाही. शिवाय एकदा बाहेर पडल्यावर प्रवाशाला त्या दुकानात परत जाता येत नाही, आणि दारूची मुभा माणशी 2 लिटरचीच. ती माझी या दोन बाटल्यांतच संपली. अशा ठिकाणी ग्राहकाला विक्रेत्याच्या शब्दावरच विसंबावे लागते, म्हणून तो शब्द खरा असायला हवा.

सीलबंद बाटली आपल्या खर्चाने परत न्यावी आणि तिचे पूर्ण पैसे द्यावेत. उघडलेल्या बाटलीपोटी फलकावर दाखवलेल्या बचतीएवढी रक्कम द्यावी. प्रत्येक फलकावर वय, टक्केवारी आणि मिली ठळक लिहावेत. वय नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. तुलना करायचीच तर त्याच बाटलीशी करावी.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मला राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते.

आपला ग्राहक,
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग
(सोबत : पावती, दोन्ही लेबलांचे व फलकाचे फोटो)