विरुंगाच्या वनरक्षकांची आठवण ठेवा

महोदय,
विरुंगाच्या डोंगरात रवांडा, युगांडा आणि काँगोच्या हद्दी मिळतात. डोंगरी गोरिला रोज संध्याकाळी नवं घरटं करून झोपतो, आज या देशात तर उद्या त्या. त्यामुळे गणनाही तिघांनी मिळूनच करावी लागते. पथकं रिकाम्या घरट्यांतली विष्ठा गोळा करतात आणि डीएनएवरून एकेक प्राणी ओळखतात. १९८१ मध्ये इथे जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते, २०१५-१६ च्या गणनेत ६०४ भरले. केवढी मोठी गोष्ट ही! पण एप्रिल २०२० मध्ये काँगोच्या बाजूला १२ वनरक्षक हल्ल्यात मारले गेले. गोरिलांसाठी जगभरातून येणाऱ्या मदतीतला पहिला वाटा अशा वनरक्षकांच्या घरच्यांना मिळायला हवा.

– एक वाचक, सातारा