५७ अधिक ५७ : मास-स्पेकवाल्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

तोंडावर आभार मानायला गेलो असतो तर "पुढचे सॅम्पल कधी आणताय ते बोला" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून मास-स्पेक, म्हणजे रेणूंचं वजन मोजणारं यंत्र, सांभाळणाऱ्या तुम्हाला हे जाहीर पत्र. नाव घालत नाही, घातलेलं तुम्हाला चालणार नाही. मुंबईत प्रथिनांवर काम करणाऱ्यांना ते सांगावंही लागणार नाही.

आधीचं थोडक्यात. युबिक्विटिन, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना जोडलं जाणारं छोटं प्रथिन, त्यावरच्या कामाचे नमुने एका सेवा केंद्राने लायसेटपासून (फोडलेल्या पेशींच्या रसापासून) स्वतःच पचवले, म्हणजे पेप्टाइड नावाच्या तुकड्यांत कापले, यंत्रावर चालवले आणि एक्सेलची लांबलचक यादी पाठवली. लायसीन या अमिनो आम्लाच्या जागाच जागा, प्रत्येकीवर युबिक्विटिनची खूण मानली जाणारी ११४.०४३ डाल्टनची (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) भर, प्रत्येकीसमोर झकास स्कोअर. बिल त्याहून झकास. एवढ्या जागा खऱ्या कशा, असं विचारल्यावर उत्तर आलं की एक टक्का एफडीआर लावलेला आहे. पुढच्या मेलना उत्तरच नाही. रॉ फाइली मागितल्या तर "पॉलिसीत बसत नाही", आणि हातात पडल्या त्या भरपूर नाकदुऱ्या काढल्यावर.

एफडीआर म्हणजे काय, हे त्या केंद्राला कुणीतरी सांगायला हवं. स्पेक्ट्रम (यंत्राने टिपलेली शिखरांची नोंद) आणि पेप्टाइड यांच्या यादीतल्या जोड्यांपैकी साधारण किती टक्के चुकीच्या जुळल्या असतील, एवढंच तो सांगतो. जोडी बरोबर असेल आणि ते ११४ पेशीतून आलंय की ट्यूबमधून, यावर त्याच्याकडे काहीच उत्तर नसतं.

तुम्ही त्या फाइली उघडल्यात. तुमचं काम नव्हतं, त्याचे पैसे नव्हते, आणि बाहेर तुमच्या यंत्रासाठी रांग लागलेली होती. तुमचा पहिलाच प्रश्न होता, "अल्किलेशनला काय वापरलंय? आयोडो की क्लोरो?" म्हणजे सिस्टीन या अमिनो आम्लाला झाकायला आयोडोॲसिटामाइड घातलंय की क्लोरोॲसिटामाइड. मग त्याच यादीच्या पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने ५७.०२१५ लिहिलंत, त्याखाली पुन्हा ५७.०२१५, खाली रेघ ओढलीत आणि बेरीज न करता कागद फिरवून आमच्याकडे सरकवलात. पेन्सिल त्यावरच ठेवलीत.

आभार त्या न केलेल्या बेरजेचे आहेत. उत्तर तुम्हाला तोंडपाठ होतं. ते ऐकवून चारचौघांत आमचा पोपट करता आला असता, तशी उदाहरणं आपल्या क्षेत्रात पैशाला पासरी आहेत.

इतरांसाठी उकलून सांगतो. युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं प्रथिन आपल्या शेवटच्या ग्लायसीनने दुसऱ्या प्रथिनातल्या लायसीनला जोडलं जातं. प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन हे विकर त्याला ७४ व्या आर्जिनीनपाशी कापतं, मागे दोन ग्लायसीन लायसीनला चिकटून उरतात. त्यांचं वजन ११४.०४३. दुसरीकडे, सिस्टीनचे सुटलेले डायसल्फाइड बंध पुन्हा जुळू नयेत म्हणून घातलेलं आयोडोॲसिटामाइड प्रत्येक सिस्टीनवर ५७.०२१५ ची भर घालतं. पण ते जास्त झालं, गरम झालं किंवा वेळेवर थांबवलं नाही, तर लायसीनच्या अमाइनवरही चढतं, आणि एकदा सोडून दोनदा चढतं. मग तिथे चार कार्बन, सहा हायड्रोजन, दोन नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. दोन ग्लायसीनच्या अवशेषातही नेमके हेच अणू. सल्फेट आणि फॉस्फेट यांच्यात ०.००९५ डाल्टनचा फरक असतो, ॲसिटिल आणि ट्रायमिथिल यांच्यात ०.०३६ चा, चांगलं यंत्र तो पकडतं. इथे फरक शून्य. ऑर्बिट्रॅपसारख्या भारी मास-स्पेकचं रिझोल्यूशन कितीही वाढवा, नुसत्या वजनावरून हे दोन वेगळे होणार नाहीत. ट्यूबमध्ये काय घातलं, हे विचारावंच लागतं. ही भानगड २००८ मध्येच छापून आलेली आहे, तरीही जुन्या जेल प्रोटोकॉलमधलं ५५ मिलिमोलर आयोडो लोक डोळे झाकून वापरतात.

त्यात आपली मुंबई. कृतीत "रूम टेंपरेचरला अर्धा तास, अंधारात" असं लिहिणारा माणूस वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसलेला असतो. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या लॅबमध्ये तीच रूम सहज तेहतिसावर जाते. प्रथिनं उलगडायला घातलेल्या आठ मोलर युरियाचंही तेच. उष्णतेने त्यातून सायनेट सुटतं आणि लायसीनवर ४३.००६ ची भर घालतं, त्याला कार्बामिलेशन म्हणतात. ॲसिटिलचं वजन ४२.०११. त्याच्या कार्बन-१३ च्या, एक डाल्टनने जड शिखराशी हे इतकं जवळ येतं की सॉफ्टवेअरने पहिलं शिखर चुकीचं धरलं तर कार्बामिलेशन ॲसिटिलेशन म्हणून खपून जातं. "युरिया ताजा, आणि सदतीसच्या वर न्यायचा नाही" हे तुमच्या दारावर उगीच चिकटवलेलं नाही.

कागद सरकवल्यावर तुम्ही सांगितलंत ते असं. आधी शुद्ध बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, त्याच कृतीने चालवा. रक्तातल्या प्रथिनावर युबिक्विटिन असायचं कारण नाही, तिथे ११४ दिसलं तर दोष रसायनाचा. मग यादीतली पेप्टाइडं बघा. दोन ग्लायसीन बसलेल्या लायसीनपाशी ट्रिप्सिन कापत नाही, म्हणून ज्या पेप्टाइडच्या शेवटच्याच लायसीनवर ही भर दाखवलीय ते बाद, प्रथिनाचंच टोक असेल तर गोष्ट वेगळी. पुढच्या खेपेला क्लोरोॲसिटामाइड. आणि एवढं करूनही जे उरेल त्याला लगेच युबिक्विटिन म्हणू नका, त्याची भावंडं असलेली नेड८ आणि आयएसजी१५ ही प्रथिनंसुद्धा मागे तेच दोन ग्लायसीन ठेवतात. बीएसएवर ११४ च्या जागा निघाल्या आणि यादीचं काय करायचं तो प्रश्न मिटला.

ही नजर एका दिवसात येत नाही. तुमची सुरुवात टू-डी जेलच्या, म्हणजे प्रथिनं विद्युतभार आणि वजनानुसार जेलवर पसरवण्याच्या काळातली. तेव्हा फॉस्फेटची भर म्हणजे जेलवर आम्लाच्या बाजूला सरकत गेलेली, माळेतल्या मण्यांसारखी ठिपक्यांची ओळ. चांदीच्या स्टेनमध्ये कुणी ग्लुटाराल्डिहाइड घातलं तर प्रथिनं जखडली जायची आणि ठिपका कापूनही मास-स्पेकला हाती काही लागायचं नाही. तिथून फॉस्फेटवाली पेप्टाइडं धरणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या मण्यांवर, तिथून अँटिबॉडीने वेचलेल्या पेप्टाइडांवर. साधनं बदलली, तुमचा लाल पेन तोच. बफरच्या यादीत ईडीटीए (धातू पकडणारं रसायन) दिसलं की त्यावर काट, कारण ते फॉस्फेट टिकवायला घातलेलं ऑर्थोव्हॅनाडेट निकामी करतं आणि फॉस्फेटवाली पेप्टाइडं धरणाऱ्या लोहाच्या कॉलमवरचं लोहही काढून नेतं. ऑर्थोव्हॅनाडेट पीएच दहाला आणून, रंग जाईपर्यंत उकळून घेतलंय का? लेटेक्स नव्हे, नायट्राइल हातमोजे आहेत ना? ट्रायटन हे डिटर्जंट कुणी वापरलं? ४४ डाल्टनच्या अंतराने शिखरांची शिडी दिसली की तुमचा चेहरा बघण्यासारखा होतो. ती शिडी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची; ते एकदा कॉलममध्ये शिरलं की मागून येणाऱ्या सगळ्यांचे नमुने भोगतात, म्हणून तो राग. आणि तो रास्तच.

कुलाब्याहून, परळहून, खारघरहून थर्माकोलचे डबे तुमच्याकडे येतात. सुक्या बर्फामुळे बाहेर दव धरतं, मार्करने लिहिलेलं पुसून जातं आणि ट्यूब अनोळखी होतात. अशा ट्यूब परत न पाठवता, पोरांना फोन करून, कोणती कुठली हे शांतपणे लावून घेताना तुम्हाला बऱ्याच जणांनी पाहिलंय. त्या पोरांत कुणी मोठ्या संस्थेचं असतं, कुणी उपनगरातल्या कॉलेजातून एमएस्सीच्या प्रोजेक्टपुरतं आलेलं. तुमचा स्वर दोघांशी एकच असतो. माणुसकी, सचोटी हे शब्द सत्काराच्या भाषणात फार स्वस्त झालेत. पण उपकरणाच्या तासाला दर लागतो अशा ठिकाणी कुणी फुकट बसून दुसऱ्याचा स्पेक्ट्रम वाचत असेल, तर तिथे ते वापरायला हरकत नसावी. बिल देऊनही प्रश्नाला उत्तर न देणाऱ्यांना हे कळेल असा भ्रम नाही.

आता कामाचं. क्लोरोॲसिटामाइडने केलेले नवे नमुने सुकवून ठेवलेत, सोबत बीएसएचा कंट्रोल आहे. लेबलं यावेळी ट्यूबच्या झाकणावर कोरलीत. आणि लेखात तुमचं नाव आभाराच्या परिच्छेदात जाणार नाही, लेखकांच्या यादीत जाईल. विश्लेषणाचा पायाच तुम्ही घातलाय, यावर इथे कुणाचंच दुमत नाही. नेहमीसारखं "मी काय केलंय" म्हणू नका. ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळख क्रमांक) आणि आद्याक्षरं कशी छापायची ते तेवढं कळवा, फॉर्मवर तोच एक रकाना रिकामा आहे.

आपले ऋणी,
११४ च्या यादीतून सुटलेले सगळे